चमचाभर म्हणजे नेमके किती?

बालकांच्या औषधोपचारातील चुकांचा विषय निघाला की चुकीच्या औषधाची चर्चा होते. माझ्या अनुभवात औषध बहुधा बरोबरच असते. चुकते ते माप. सर्वांत अधिक घोळ होतो तो घरोघरी असणाऱ्या पॅरासिटामॉलचा.

मुलांसाठी हे औषध सहसा तीन तीव्रतांत मिळते. थेंबांच्या लहान बाटलीत एका मिलीलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. सिरपच्या एका प्रकारात पाच मिलीलिटरमध्ये १२५, तर दुसऱ्यात २५०. दर किलो वजनास १५ मिलिग्रॅम या हिशेबाने दहा किलोच्या बाळाची एक मात्रा १५० मिलिग्रॅम होते. म्हणजे थेंबांचे दीड मिलीलिटर, तीव्र सिरपचे तीन आणि सौम्य सिरपचे सहा. सिरप संपले म्हणून आजीने थेंबांची बाटली उघडून नेहमीसारखे पाच मिलीलिटर पाजले, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे तिपटीहून अधिक औषध जाते. ताप हटत नाही म्हणून तेच पुनःपुन्हा दिले गेले, तर यकृतास गंभीर इजा होऊ शकते. यात आजीला काय बोल लावावा? दोन्ही खोक्यांवर नाव एकच, आणि आकडे चष्म्यालाही न जुमानणारे!

आपण डॉक्टरांनीच चिठ्ठीवर ‘एक चमचा’ लिहिणे सोडावे. बाळाचे वजन, औषधाची तीव्रता व मिलीलिटर, तिन्ही लिहावे. हळर्णचा पालक पेडण्यात चिठ्ठी दाखवतो, तेथे नाही मिळाले तर म्हापशात. लिहिलेली कंपनी नसली की निराळ्या तीव्रतेची बाटली हाती पडू शकते.

सर्दीच्या अनेक मिश्रणांतही पॅरासिटामॉल असते. तापाच्या औषधासोबत ती दिल्यास मात्रा नकळत दुप्पट होते. क्लोरफेनिरामिन व फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये काढला. तरीही २०२५ मध्ये छिंदवाड्याची जी लहान मुले दगावली, त्यांतील अनेकांना असेच सिरप दिले गेले होते. त्यांतील कित्येकांवर नागपुरात उपचार झाले. त्या सिरपमधील डायइथिलिन ग्लायकॉल हे विष कारखान्यातले खरे. पण साध्या सर्दीला मुळात ते सिरप हवे होते का, हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो.

पॅरासिटामॉल अधिक गेल्याची शंका आली, तर मूल खेळते आहे म्हणून थांबू नये. पहिल्या दिवशी लक्षणे दिसतीलच असे नाही, आणि ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वाधिक गुणकारी ठरतो. म्हापशाचे जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचे गोमेकॉ गाठावे. बाटली बरोबर न्यावी; किती वाजता, किती दिले, तेही कागदावर लिहून न्यावे.