काचेवरचा न हलणारा ठिपका

बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. जवळचा म्हणावा तर छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा, खाली लातूर, पश्चिमेला शिर्डी. पण जिल्ह्यावरचं आकाश रिकामं नाही. मुंबईहून पूर्वेकडे जाणारी मोठी विमानं तीस-पस्तीस हजार फुटांवरून जातात. निवडणुका आल्या की शाळेच्या मैदानात आणि साखर कारखान्याच्या आवारात हेलिकॉप्टर उतरू लागतात. शेतावर फवारणीचे ड्रोन आले आहेत. बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती फिरतात, आणि नायगावच्या अभयारण्यापासून माजलगावच्या जलाशयापर्यंत मोठ्या पक्ष्यांची ये-जा असते ती वेगळीच.

या आकाशात स्वतः बांधलेलं छोटं विमान घेऊन कुणी उतरायचं ठरवलं, तर टक्कर टाळण्यासाठी त्यात कोणतं यंत्र बसवावं? प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, 2019 मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याचं चाचणी उड्डाण झालं. गच्चीवरचं विमान धावपट्टीपर्यंत पोहोचू शकतं, हे त्यांनी सिद्ध केलं आहे. हे बांधकाम उद्या परळीत किंवा आष्टीतही होऊ शकतं.

मोठ्या विमानांचा प्रश्न कायद्याने सोडवलेला आहे, आणि त्यामागे आपल्याच देशातली रात्र आहे. 12 नोव्हेंबर 1996, ऐन दिवाळीचे दिवस. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं बोइंग 747 वर चढत होतं, कझाकस्तानचं इल्युशिन 76 दिल्लीकडे उतरत होतं. बोइंगला 14,000 फुटांपर्यंतची परवानगी होती, इल्युशिनला 15,000. मधले हजार फूट इल्युशिनने ओलांडले आणि हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. 349 माणसं गेली, एकही वाचलं नाही. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना दिल्लीत तेव्हा एकच हवाई मार्ग होता. नियंत्रकाच्या पडद्यावर विमान ठिपक्यासारखं दिसे, त्याची उंची दिसत नसे. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या आयोगाने चौकशी केली आणि त्या अपघातानंतर भारतात टीकॅस हे टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं.

टीकॅस प्रश्न विचारून चालतं. ते 1030 मेगाहर्ट्झवर आसपासच्या विमानांना हाक देतं. त्यांचे ट्रान्सपॉन्डर 1090 वर उत्तर देतात. उत्तर यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं, अंतर किती झपाट्याने घटतंय यावरून टक्करीला किती सेकंद उरले ते कळतं. आधी सूचना मिळते, मग आज्ञा: वर चढा किंवा खाली उतरा. दोन्ही विमानांत हेच यंत्र असेल तर ती आपसात ठरवतात, एकाने वर जायचं, दुसऱ्याने खाली. 1 जुलै 2002 ला जर्मनीतल्या युबरलिंगनवर रशियन विमानातलं यंत्र ‘वर’ म्हणत होतं, नियंत्रक ‘खाली’ सांगत होता. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं, दोन विमानं धडकली आणि 71 जण गेले. तेव्हापासून नियम स्पष्ट आहे: आज्ञा आली की यंत्राचं ऐकायचं.

पण आंतरराष्ट्रीय नियमात ही सक्ती 5,700 किलोंपेक्षा जड किंवा 19 पेक्षा जास्त प्रवाशांच्या टर्बाइन विमानांना आहे. घरी बांधलेलं विमान सहसा हजार किलोंच्या आतबाहेरचं. त्याला ते यंत्र परवडतही नाही, पेलतही नाही. निर्णय बांधणाऱ्यावर येतो.

‘डोळे उघडे ठेवले की झालं’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक हिशोब. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने दिलेल्या तक्त्यानुसार समोरची वस्तू दिसणं, ते विमान आहे हे ओळखणं, ते आपल्यावरच येतंय हे कळणं, निर्णय घेणं, हात हलवणं आणि विमानाने वळणं, या सगळ्याला 12.5 सेकंद लागतात. त्यातले 5 सेकंद केवळ टक्कर होणार हे उमगण्यात जातात. आता आपलं विमान 100 नॉटने चाललंय आणि समोरून हेलिकॉप्टर 120 ने येतंय. दोन्ही वेग मिळून ताशी चारशे किलोमीटरवर जातात. म्हणजे ते 1,400 मीटरवर असतानाच दिसायला हवं, आणि तिथून ते हात लांब करून धरलेल्या ज्वारीच्या दाण्याहून लहान दिसतं. त्यात आणखी एक अडचण. ज्याच्याशी टक्कर होणार असते ते काचेवर जागचं हलत नाही. आपली नजर हलणारी गोष्ट चटकन टिपते. हा ठिपका मात्र एकाच जागी राहतो, हळूहळू वाढतो आणि शेवटच्या काही क्षणांत अचानक मोठा होतो. म्हणून यंत्र हवंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणतं? युरोपात ग्लायडरवाल्यांनी 2004 पासून फ्लार्म नावाचं स्विस यंत्र वापरलं. थव्याने घिरट्या घालणाऱ्या ग्लायडरसाठी ते उत्तम आहे. पण मूळ फ्लार्मला फक्त फ्लार्मचीच भाषा नीट कळते. ज्या आकाशात दुसऱ्या कुणाकडे ते नाही, तिथे ते गप्प बसणार.

दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे नुसतं ऐकणारं छोटं यंत्र. ते स्वतः हाक देत नाही. शेजारच्या ट्रान्सपॉन्डरने दुसऱ्या कुणाला दिलेलं उत्तर ऐकतं आणि त्याच्या जोरावरून अंतराचा अंदाज बांधतं. दिशा नीट सांगत नाही, कधी आपल्याच ट्रान्सपॉन्डरला परका समजतं. बीडवर त्याची खरी अडचण वेगळी आहे. साधा ट्रान्सपॉन्डर विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि इथे खाली विचारणार कोण? चिकलठाणा बीडपासून सरळ रेषेत सुमारे 100 किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे जमिनीपासून हजार फुटांवरचं विमान जमिनीवरच्या अँटेनाला साधारण 70 ते 90 किलोमीटरपर्यंतच दिसतं, मध्ये डोंगर आला तर त्याहून कमी. वरून जाणाऱ्या मोठ्या विमानाचं टीकॅस अधूनमधून विचारेल तेवढंच. हेलिकॉप्टरचा ट्रान्सपॉन्डर चालू असूनही गप्प, म्हणून आपलं यंत्रही गप्प, आणि वैमानिक ती शांतता म्हणजे मोकळं आकाश समजणार. इतका घातक गैरसमज दुसरा नाही.

अमेरिकन मासिकांत याच यंत्रांची जी तुलना छापली जाते, ती इथे जशीच्या तशी लावता येत नाही त्याचं कारण हेच. तिथे जमिनीवरची केंद्रं रडारवर दिसणारी विमानं छोट्या विमानांच्या पडद्यावर पुरवतात, 18,000 फुटांखाली 978 मेगाहर्ट्झची स्वतंत्र वाहिनी आहे. इथे त्या वाहिनीवर काही येणार नाही. त्यासाठी बनलेलं यंत्र मित्राने अमेरिकेहून स्वस्तात आणून दिलं तरी घेऊ नये.

उरतं एडीएस-बी, तेही 1090 वरचं. त्यातला प्रक्षेपक कुणी विचारण्याची वाट पाहत नाही. उपग्रहावरून मिळालेलं स्वतःचं स्थान, उंची आणि वेग सेकंदाला साधारण दोनदा सांगत राहतो. म्हणून मराठवाड्यात उडणाऱ्याने पहिला पैसा एडीएस-बी प्रक्षेपण करणाऱ्या मोड-एस ट्रान्सपॉन्डरवर घालावा, पडद्यावर नव्हे. वरच्या आणि शेजारच्या टीकॅसवाल्यांना आपण दिसतो तो त्याच्यामुळे. पडदा आणि ऐकणारा भाग त्यानंतर. टीकॅससारखं स्वतः प्रश्न विचारणारं सक्रिय यंत्र पैसे उरले तर घ्यावं.

अँटेनाकडे दुर्लक्ष करू नये. पोटाखाली एकच लावली तर वरून येणारं विमान धडाच्या सावलीत जातं. काचतंतूच्या सांगाड्यातून लहरी जातात, कार्बनतंतू त्या अडवतो. म्हणून बांधकामाचं साहित्य ठरवतानाच अँटेनाची जागा ठरवावी लागते. विमान रंगवून झाल्यावर हा विचार करणाऱ्याला ते पुन्हा फोडावं लागतं.

आणि इतकं करूनही पवनचक्की बोलत नाही, परळीच्या औष्णिक केंद्राची चिमणी बोलत नाही, घार बोलत नाही. ड्रोनही बहुतेक बोलत नाहीत. 2021 च्या ड्रोन नियमांनी हरित क्षेत्रात 400 फुटांपर्यंत वाट मोकळी केली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच झालं. पण गावाशेजारी उतरणारं हेलिकॉप्टरही त्याच 400 फुटांतून खाली येतं. इथे बांधणाऱ्याची हुशारी पुरत नाही, सरकारने हात घालायला हवा. ब्रिटनच्या विमान वाहतूक प्राधिकरणाने 2020 मध्ये अशा छोट्या प्रक्षेपकांच्या खरेदीवर निम्मी किंमत, 250 पौंडांपर्यंत, परत द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे सुरुवात करायची तर प्रचारासाठी भाड्याने येणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टरपासून करावी. त्याने एडीएस-बीवर बोलत राहिलंच पाहिजे आणि ज्या तालुक्यात ते उतरणार तिथल्या फवारणीच्या ड्रोनचालकांना तहसील कार्यालयाने आदल्या दिवशी वेळ आणि जागा कळवलीच पाहिजे.