मोबाईल आरोग्य अ‍ॅपमधील ऑफलाइन माहिती-विश्लेषण : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

ग्रामीण आरोग्यसेवेतील नोंदवहीची जागा गेल्या काही वर्षांत मोबाईल घेऊ लागला आहे. २०१६ मध्ये आरोग्यसेविकांसाठी टॅब्लेटवरील 'अनमोल' हे अ‍ॅप आले. अंगणवाड्यांसाठी १ मार्च २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' सुरू झाला. नोंद मोबाईलवर झाली तरी तिचे विश्लेषण मात्र बहुधा दूरच्या सर्व्हरवर होते. ज्या गावात नेटवर्क क्षीण आहे, तेथील नोंदी उशिरा पोहोचतात अथवा पोहोचतच नाहीत. अहवाल वाचणारा अधिकारी त्या रिकाम्या जागेचा अर्थ 'काम झाले नाही' असा लावतो. नोंद न पोहोचणे आणि घटना न घडणे यांतील हा फरक जपण्यासाठी अ‍ॅपची रचना कशी असावी, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

भंडारा जिल्ह्याचा संदर्भ :

२०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ असून जिल्ह्यात सात तालुके आहेत. बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात. त्यांच्या आरोग्याची पहिली नोंद आशा कार्यकर्ती करते. नवजात बालकांची गृहभेट हे तिचे एक प्रमुख काम होय. या पद्धतीचा पाया विदर्भातच घातला गेला. गडचिरोली जिल्ह्यातील 'सर्च' या संस्थेच्या डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. तेथील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ पर्यंत उतरल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये गृहभेटींचा हा कार्यक्रम देशपातळीवर स्वीकारला गेला. गडचिरोलीच्या प्रयोगात नोंदी कागदावर होत्या. पण त्या बालकाशेजारी बसूनच उपयोगात आणल्या जात. मोबाईलनेही किमान एवढे साधावे, ही अपेक्षा रास्त आहे.

ऑफलाइन विश्लेषणाचे घटक :

१) स्थानिक साठा : प्रत्येक नोंद प्रथम मोबाईलमधील माहितीसंचात साठवावी. यासाठी 'एसक्यूलाइट' हे विनामूल्य साधन सर्वत्र वापरले जाते. नोंदीला मोबाईलवरच एक अद्वितीय क्रमांक द्यावा. घटना घडल्याची वेळ आणि सर्व्हरला नोंद मिळाल्याची वेळ स्वतंत्रपणे राखावी. मोबाईलचे घड्याळ चुकीचे असू शकते, म्हणून संपर्क होताच सर्व्हरच्या वेळेशी असलेला फरकही नोंदवावा.

२) प्रतीक्षा-रांग : नेटवर्क मिळताच नोंदी लहान गटांनी पाठवाव्यात. सर्व्हरकडून पोच आल्यावरच नोंद रांगेतून काढावी. पोच वाटेत हरवली तर तीच नोंद पुन्हा जाते. अशा वेळी अद्वितीय क्रमांकामुळे ती दोनदा मोजली जात नाही.

३) मोबाईलवरील गणन : हा सर्वांत महत्त्वाचा घटक होय. दवाखान्यात जन्मलेल्या बालकाला ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट द्यावयाची असते. जन्म १ जुलैचा असल्यास अखेरची भेट ११ ऑगस्टला येते. ही तारीख काढण्यास सर्व्हरची गरज नाही. आजच्या भेटींची यादी, वजनातील घट, २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बालके व महिन्याची बेरीज हे सर्व मोबाईल स्वतः दाखवू शकतो.

४) विसंगतीचे निराकरण : एकाच बालकाची नोंद आशा व आरोग्यसेविका या दोघींनी बदलली, तर नंतरची नोंद आधीचीवर लादू नये. दोन्ही नोंदी राखून पडताळणीसाठी ठेवाव्यात.

अपुऱ्या माहितीचा भ्रम :

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन उपकेंद्रांत महिन्याभरात प्रत्येकी १०० भेटी देय होत्या आणि दोन्हीकडे ९० झाल्या. पहिल्या उपकेंद्राच्या सर्व नोंदी पोहोचल्या. दुसऱ्याच्या मात्र २० तारखेपर्यंतच्याच, म्हणजे ६० नोंदी पोहोचल्या. अहवालात ९० टक्के व ६० टक्के असे आकडे दिसतात आणि दुसऱ्या उपकेंद्राकडे खुलासा मागितला जातो. वस्तुतः २० तारखेपर्यंत तेथे ६६ भेटी देय असतील, तर प्रमाण ९१ टक्के येते. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी 'माहिती कोणत्या तारखेपर्यंतची' हे छापणे आणि छेदही त्याच तारखेपर्यंतचा घेणे आवश्यक आहे.

तयार विश्लेषण-सेवा वापरताना हा धोका वाढतो. उदाहरणार्थ, 'गुगल अ‍ॅनालिटिक्स' साधारणतः ७२ तासांपेक्षा उशिरा आलेल्या घटना विचारात घेत नाही. शहरी ग्राहकांच्या अभ्यासास ही मर्यादा चालेल. आठवड्यातून एकदा नेटवर्क मिळणाऱ्या गावाची नोंद मात्र तिच्यामुळे कायमची गळते, आणि सर्वांत दुर्गम गावच आकडेवारीतून नाहीसे होते. राष्ट्रीय निकषानुसार गृहभेटींसाठी आशांना मिळणारा २५० रुपयांचा प्रोत्साहन भत्ताही नोंदीवर अवलंबून आहे. यास्तव ही चूक केवळ तांत्रिक राहत नाही.

मर्यादा व दक्षता :

ऑफलाइन रचनेचा भार मोबाईलवर पडतो. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाकडून मिळालेले मोबाईल परत केले. अपुरी क्षमता, वारंवार होणारा बिघाड व इंग्रजीतील अ‍ॅप ही त्यांची गाऱ्हाणी होती. तेव्हा अ‍ॅप हलके व मराठीत असणे ही प्राथमिक अट मानावी. दुसरे असे की, साठा मोबाईलमध्ये असल्याने तो हरवल्यास रुग्णांची माहिती उघड होऊ शकते. म्हणून साठा कूटबद्ध असावा आणि पोच मिळालेल्या जुन्या नोंदी ठराविक मुदतीनंतर पुसाव्यात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मधील उद्देशापुरतीच माहिती घेण्याचे तत्त्वही येथे लागू पडते.

समारोप :

ऑफलाइन विश्लेषण म्हणजे केवळ नोंद साठवून पुढे पाठविणे नव्हे. नोंद करणाऱ्या आशेला त्याच क्षणी तिचा उपयोग व्हावा आणि दुर्गम गावाच्या मौनाचा विपरीत अर्थ लावला जाऊ नये, हे तिचे दोन हेतू आहेत. महाविद्यालयांतील संगणकशास्त्र, संख्याशास्त्र व गृहविज्ञान विभागांनी एकत्र येऊन काल्पनिक नोंदींच्या आधारे अशी प्रारूपे तयार करणे व ती आशांच्या हाती देऊन तपासणे शक्य आहे. गावात नेटवर्क पोहोचण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा हा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो.