मालमोटारीची पुष्पिका

पोथी हातीं येतांच संशोधक प्रथम पुष्पिका पाहतो. लेखक, शक व स्थळ बहुधा तेथेंच सांपडतात. अमेरिकेंतील शेव्हरोलेट कंपनीच्या १९६७ ते १९७२ सालांतील हलक्या मालमोटारींसही अशी पुष्पिका आहे. नव्यानें विकत घेतलेली जुनी गाडी कारखान्यांतून कोणत्या साहित्यानिशीं निघाली, हें ठरविण्याचें तें मुख्य साधन होय.

चालकासमोरील फळींतल्या कप्प्याच्या झाकणास आंतून हा कागद डकविलेला असतो. त्यावर गाडीचा क्रमांक व गिऱ्हाइकानें जादा मागितलेलें साहित्य संकेतांनीं नोंदलेलें असतें: 'एम २०' म्हणजे चार गतींचा गिअरबॉक्स, 'सी ६०' म्हणजे वातानुकूलन. सरसकट मिळणारें साहित्य, तसेंच विक्रेत्यानें मागाहून बसविलेलें साहित्य यांत नसतें. म्हणून अनुल्लेखावरून अभावाचें अनुमान कारखान्याच्या जादा साहित्यापुरतेंच करावें.

दुसरें भय प्रक्षेपाचें. झाकण एका गाडीचें काढून दुसरीस बसवितां येतें. यास्तव कागदावरील क्रमांक दाराच्या चौकटीवरील पट्टीशीं व सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकाशीं ताडावा. क्रमांकही बोलका असतो. १९७१ पर्यंत आरंभींचा 'सी' दोन चाकांस गति देणारी गाडी दर्शवितो, 'के' चारही चाकांस. पुढील 'एस' सहा नळकांड्यांचें यंत्र, 'ई' आठांचें. 'ई'च्या गाडींत सहा नळकांडीं आढळल्यास पाठ बदलला, हें उघड आहे.

तथापि विसंगत भाग काढण्याची घाई करूं नये. राबलेल्या गाडींतील असे फेरफार म्हणजे तिच्या मालकांचीं समासटिपणें होत. तीं प्रथम नोंदावीं, मगच मूळ पाठ सिद्ध करावा.