गळाला लागला समुद्रातला पाहुणा

राजापूर बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला किंवा कुरुंदवाडजवळ नदीकाठी संध्याकाळी कोणी गळ टाकून बसलेलं दिसलं, तर थांबून विचारा, "काका, आज काय घावलं?" उत्तर बहुतेक वेळा 'चिलापी' असंच येईल. चिलापी मुळातली आफ्रिकेतली. 1952 मध्ये ती भारतात आणली, आणि आता शिरोळ तालुक्यात ती घरचीच झाली आहे. (गप्पा मारताना पाण्यात पाय सोडून मात्र बसू नका. कृष्णेत मगरी आहेत!)

अंधार पडला की खरी मजा येते. गळाला गांडूळ लावलेलं असतं. दोरीवरचा थर्माकोलचा तुकडा सावकाश बुडतो, दोरी जड लागते, आणि ओढून काढावं तर लांबलचक, वळवळणारं काहीतरी वर येतं. पहिल्यांदा बघणारा "साप, साप!" म्हणत मागे सरकतो. पण नीट बघा. त्याला कल्ले आहेत, पर आहेत. मासाच आहे तो.

बहुधा ती वाम निघेल. तिचं तोंड टोकदार, वरच्या जबड्याच्या पुढे इवलीशी मऊ सोंड आणि पाठीवर ओळीनं बारीक काटे. उलटा हात फिरवलात तर बोट फाटेल. वाम आपल्याच नदीत जन्मते, इथेच मोठी होते.

पण पाठीवर एकही काटा नसेल, सोंड नसेल, आणि अंग इतकं बुळबुळीत असेल की दोन्ही हातांतून निसटून जाईल, तर तो आहे अहीर. आणि अहीर इथे जन्मलेला नसतो. तो जन्मतो खोल समुद्रात!

आता नकाशा काढा. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि सुमारे 1,400 किलोमीटर वाहत जाऊन आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्रापासून शिरोळपर्यंतची वाट हजार किलोमीटरहून जास्त, आणि तीही प्रवाहाच्या उलट.

समुद्रात अंड्यातून बाहेर पडलेलं अहिराचं पिल्लू पाहिलंत, तर तुम्ही त्याला मासा म्हणणारच नाही. ते असतं आरपार दिसणारं, कण्हेरीच्या पानासारखं चपटं. शास्त्रज्ञसुद्धा अशा पिल्लांना कितीतरी वर्षं वेगळीच माशाची जात समजत होते! 1896 मध्ये इटलीतल्या ग्रासी आणि कॅलांड्रुचिओ यांनी दाखवून दिलं, की ही 'पानं' म्हणजे अहिराच्या युरोपातल्या भाऊबंदांची पिल्लं. प्रवाहाबरोबर वाहत ती किनाऱ्याजवळ येतात, अंग गोल होतं, आणि काडीएवढी ही पोरं नदीच्या मुखातून वर चढायला लागतात. वाटेत ओला खडक आला तर त्याला चिकटून, वळवळत वर जातात. मोठा अहीर तर ओल्या गवतातूनही सरपटतो, कारण तो कातडीतूनही श्वास घेऊ शकतो.

नदीत तो वर्षानुवर्षं राहतो. दिवसा कपारीत दडतो, रात्री मासे, खेकडे, किडे खातो आणि मीटरभराहूनही लांब वाढतो. मग एक दिवस त्याचं मन समुद्राकडे ओढ घेतं. डोळे मोठे होतात, खाणं थांबतं. तो परत जातो, समुद्रात अंडी घातली जातात आणि तिथेच त्याचं आयुष्य संपतं. जपानी अहिराची अंडी प्रशांत महासागरात 2009 मध्ये शास्त्रज्ञांच्या हाती लागली. आपल्या अहिराची अंडी मात्र अजून कोणालाच मिळालेली नाहीत. त्यांचा शोध तुमच्यापैकी कोणी का लावू नये?

कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची माहिती 1839 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात पुण्याच्या मुळा-मुठेतला अहीर आहे. मुळा-मुठेचं पाणी भीमेत जातं आणि भीमा कृष्णेला मिळते. म्हणजे तो अहीरही कृष्णेच्याच वाटेनं चढून पुण्याला पोचला होता! तेव्हा ती वाट मोकळी होती. विजयवाड्याचा पहिला बंधारासुद्धा त्यानंतरचा.

आज समुद्राकडून यायचं तर आधी विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज, मग 124 मीटर उंच नागार्जुनसागर, मग त्याहून उंच श्रीशैलम, पुढे जुराळा, नारायणपूर, आलमट्टी. ओला खडक चढणाऱ्या पिल्लानं एवढ्या भिंती चढायच्या तरी कशा? म्हणून आपल्याकडे अहीर गळाला लागला तर तो फार मोलाचा पाहुणा समजावा. फोटो काढावा, लांबी मोजावी, आणि त्याला परत पाण्यात सोडावं असं मला मनापासून वाटतं.

धरणांच्या या अडथळ्यावर उपाय आहे, आणि काही देशांत तो चालूही आहे. धरणाशेजारी उतरती पन्हाळी बांधतात, तिच्यात ब्रशाचे ताठ केस लावतात आणि वरून थोडं पाणी सोडतात. केसांच्या आधारानं पिल्लं वर चढतात. न्यूझीलंडमध्ये तर धरणाच्या पायथ्याशी जमलेली पिल्लं पकडून, टाकीत भरून गाडीनं वर नेतात आणि धरणापलीकडच्या पाण्यात सोडतात.