लक्षणांवांचूनचा कोरोना आणि बाळंतपण

ज्या घरांत सून किंवा माहेरीं आलेली लेक दिवस भरत आलेली होती, त्या घरांतील वडील मंडळींस इ. स. २०२० सालीं एक नवाच पेंच पडला. मुलीस ताप नाहीं, खोकला नाहीं, अन्न गोड लागतें. आणि प्रसूतिगृहांत दाखल होतांना केलेल्या तपासणींत मात्र कोरोना असल्याचा कागद हातीं येतो! अशा वेळीं कोणी आकांत करीत, तर कोणी कागदच खोटा म्हणून तो बाजूस सारीत. आमच्या मतें दोहोंचीहि समजूत अपुरी होती. साथीची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजीं उठली. पण विषाणु नाहींसा झालेला नाहीं, म्हणून हा विषय आजहि बोलण्यासारखा आहे.

अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरीं साथ भरांत असतां, २२ मार्च ते ४ एप्रिल २०२० या पंधरवड्यांत, कोलंबिया विद्यापीठाशीं संलग्न अशा दोन रुग्णालयांत २१५ स्त्रिया बाळंतपणास आल्या. त्यांपैकीं लक्षणें होतीं तीं अवघ्या चौघींस. उरलेल्यांपैकीं २१० जणींची तपासणी केली, तेव्हां २९ जणींस संसर्ग झालेला आढळला. केवळ लक्षणांवर विसंबलें असतें, तर आठ बाधित स्त्रियांपैकीं सात ओळखूंच आल्या नसत्या.

मग अशा स्त्रीस अपाय तो कोणता? पुढें १८ देशांतील ४३ संस्थांनीं मिळून ७०६ बाधित गर्भिणींची १,४२४ अबाधित गर्भिणींशीं तुलना केली. अपुऱ्या दिवसांची प्रसूति व इतर भयंकर परिणाम मुख्यतः ताप आणि धाप असलेल्यांच्या वांट्यास आले. परंतु लक्षणें नसलेल्यांमध्यें सुद्धां एक गोष्ट अधिक दिसली: रक्तदाब चढून लघवीवाटे प्रथिनें जाऊं लागण्याचा विकार सुमारें दीडपट. हा विकार एरव्हींहि शंभरांत दोन ते आठ गर्भिणींस होतोच, तेव्हां दीडपट या शब्दानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं; पण दुर्लक्ष मात्र नको. डोकें ठणकतें, डोळ्यांपुढें काजवे चमकतात, तोंड सुजलें आहे, असें सून सांगूं लागली, तर 'या दिवसांत असें व्हायचेंच' हें सासूबाईंचें ठरलेलें उत्तर येथें कामाचें नाहीं. तत्काळ रक्तदाब मोजवावा. पोटांतील हालचाल मंदावली असें तिला वाटलें, तरीहि विलंब न करतां डॉक्टरांकडे न्यावें.

बाळाविषयींचें भय मात्र बरेंचसें अनाठायीं ठरलें. प्रारंभीं चीन व अमेरिका येथील तज्ज्ञांनीं आईपासून मूल वेगळें ठेवण्याचा सल्ला दिला होता. आपल्याकडे बाळंतिणीची खोली पूर्वापार निराळी असते; चरकानेंहि सूतिकागाराचें वर्णन केलें आहे. पण त्या खोलींत येणाऱ्या-जाणाऱ्यांस आडकाठी होती, मुलाला नव्हे! पुढें न्यूयॉर्कच्याच तीन रुग्णालयांत बाधित मातांच्या १२० नवजात बालकांची तपासणी झाली. त्यांतील एकहि बाधित निघालें नाहीं. त्या मातांस मूल जवळ ठेवण्याची व अंगावर पाजण्याची मुभा होती. अट एवढीच कीं, तोंडावर मुखपट्टी असावी आणि हात व स्तन स्वच्छ करावेत. जुलै २०२० मध्यें अमेरिकेंतील बालवैद्यांच्या संस्थेनेंहि आपला पहिला सल्ला फिरविला. जागतिक आरोग्य संघटना तर स्तनपानाचा आग्रहच धरीत होती.

नुसता संसर्ग आहे एवढ्याकरितां पोट चिरून प्रसूति करण्याचें कारण नसतें. तपासणीचा कागद यावयाचा आहे म्हणून बाळंतपण अडवून धरूं नये, असें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेंहि मे २०२० मध्यें स्पष्ट सांगितलें होतें.

वर दिलेले आंकडे लस येण्यापूर्वींचे आहेत. आपल्या देशांत गर्भिणींस लस टोंचून घेण्याची परवानगी २ जुलै २०२१ रोजीं मिळाली. लसीनें आईच्या रक्तांत निर्माण होणारीं प्रतिद्रव्यें वारेंतून बाळाकडेहि पोंचतात.