उघड्या दाराचं लग्न

लंडनच्या मेरिलबोन रस्त्यावर, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दोन दगडी सिंह बसलेले आहेत. मधून नटलेली जोडपी वर चढतात आणि थोड्या वेळाने नवरा-बायको होऊन खाली येतात. हा ओल्ड मेरिलबोन टाउन हॉल. सर एडविन कूपर यांनी आखलेल्या या इमारतीचं काम १९१४ मध्ये सुरू झालं, महायुद्धात रेंगाळलं आणि १९२० मध्ये पुरं झालं. १२ मार्च १९६९ रोजी गायक पॉल मॅकार्टनी आणि लिंडा ईस्टमन यांचं लग्न इथेच लागलं, तेव्हा बाहेर चाहत्यांची झुंबड उडाली होती. २०११ मध्ये मॅकार्टनी पुन्हा इथेच बोहल्यावर चढले.

नोंदणी कार्यालयातल्या लग्नात ना अंतरपाट, ना चर्चमधली प्रार्थना. धार्मिक विधी चालत नाहीत. पण १९४९ च्या विवाह कायद्याची एक अट आहे: लग्न उघड्या दारांनी लागलं पाहिजे. चोरून काही होऊ नये, हरकत असलेल्याला आत येता यावं. लग्नाआधी २८ दिवसांची नोटीसही त्याचसाठी. आपल्या विशेष विवाह कायद्यात ती ३० दिवसांची असते.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी आली आणि देशभरची लग्नं थांबली. ४ जुलैला दार किलकिलं झालं: ३० माणसं. २८ सप्टेंबरपासून १५. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीत, कुणी अखेरच्या आजारात असेल अशा अपवादांपुरतंच. एकदा दिलेल्या नोटिशीची वैधता वर्षभराची, त्यामुळे तारखा ढकलता ढकलता ती संपली की पुन्हा नोटीस.

२९ मार्च २०२१ पासून वधूवरांसह सहा जणांना मुभा मिळाली. दोघांचे आईवडील मोजले की सहा पुरे. दोन साक्षीदार त्यांतलेच, भावंडं घरी. अंगठ्या घालण्याआधी आणि नंतर हात धुवायचे, पाहुण्यांनी मास्क लावायचा, शपथ हळू आवाजात घ्यायची.

इंग्लंडमधल्या विवाह नोंदवहीत १८३७ पासून वडिलांच्याच नावाला रकाना होता. ४ मे २०२१ रोजी नोंदणीची पद्धत बदलली आणि तिथे आईचंही नाव आलं. साथीच्या त्या वर्षात कितीतरी आयांना लेकरांच्या लग्नाच्या खोलीत पाऊल टाकता आलं नव्हतं. कागदाचं दार मात्र, १८४ वर्षांनी का होईना, त्यांच्यासाठी उघडलं.