मोटारीचीं चाकें बदलतांना दाबाचा दिवा
माणच्या वाड्यावस्त्यांपर्यंत आतां मोटारी आल्या आहेत. चाकें बदलल्यावर टायरांतील हवेच्या दाबाचा दिवा लागून राहिला, तर त्यावर चिकटपट्टी लावूं नये. राखणदार ओरडतो म्हणून त्याचें तोंड बांधण्यासारखेंच तें होय.

हा दिवा दोन रीतींनीं चालतो. पहिलींत प्रत्येक चाकाच्या आंत, वाल्वपाशीं, दाब मोजून बिनतारी संदेश देणारा संवेदक असतो. त्याची बॅटरी बहुधा ५ ते १० वर्षें टिकते. दुसरींत असा संवेदक नसतो. हवा कमी झालेलें चाक किंचित् लहान होऊन अधिक वेगानें फिरतें, तो फरक ब्रेकची यंत्रणा ओळखते.

पहिल्या रीतीची गाडी असल्यास टायर उतरविण्यापूर्वींच कारागिरास सांगावें. नाहीं तर संवेदक मोडण्याचा संभव असतो. नव्या चाकांत जुने संवेदक बसवावे, किंवा नवे बसवून गाडींत त्यांची नोंद करवावी. दुसऱ्या रीतींत, टायर थंड असतां, दाराच्या चौकटीवरील पट्टींत लिहिल्याप्रमाणें हवा भरावी, आणि मगच दाबाची नोंद नव्यानें करावी. कमी हवेवर नोंद केल्यास गाडी तोच दाब योग्य मानील, आणि दिवा वेळेवर लागणार नाहीं.

ट्यूबरहित टायर, ही यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचें साहित्य असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींस १ ऑक्टोबर २०२० पासून स्टेपनीची सक्ती नाहीं. अशा गाडींत दिव्याकडे दुर्लक्ष करणें विशेष घातक आहे. दिवा लागतांच प्रथम हवा मोजावी, दोष मागाहून शोधावा, असें आमचें सांगणें आहे.